शहरात भिंतींवर आणि गॅलरीत एकदमच इतकं काही येतंय, आधी कुठे जाऊ?

रंगीतडबा:
मंडळी, मदत हवीये. येत्या दोन-तीन आठवड्यांत शहरात तीन गोष्टी एकदम आल्यात. एक, जुन्या गोदामांच्या गल्लीत चित्रकार येऊन आठवडाभर भिंती रंगवणारेत, कुणीही जा आणि उभं राहून बघा. दोन, एका गॅलरीत समकालीन कलेचं ग्रुप प्रदर्शन, त्यात म्हणे फ्रेममधली चित्रं कमी आणि 'मांडणी' जास्त, म्हणजे वस्तू खोलीत मांडून-टांगून केलेली कामं. तीन, एका हॉलमध्ये तिकीट लावून 'स्ट्रीट आर्ट'चं प्रदर्शन, जाहिरातीत उंदीर आहे, फुगा आहे, माकड आहे, फक्त कुणी भरवलंय ते शोधायला भिंग लागतं. माझ्याकडे एकच शनिवार-रविवार आहे, सोबत चौदा वर्षांची भाची आहे आणि ती दर पाच मिनिटांनी 'पण मावशी हे आर्ट का आहे' विचारते. मागच्या वेळी गॅलरीतून बारा मिनिटांत बाहेर आले होते, त्यातली चार बॅग कुठे ठेवायची ह्यात गेली. मला कलेतलं काही कळत नाही, लाजायचं कारण नाही म्हणून सांगतेय. तर आधी काय, नंतर काय, आणि काय सोडलं तरी चालेल?

भिंतवेडी:
गोदामांची गल्ली, डोळे झाकून. आणि सगळं पूर्ण झाल्यावर जाऊ नका, मधल्या दिवशी सकाळी जा. पूर्ण झालेलं चित्र नंतरही बघता येतं (येईलच असं नाही, त्यावर खाली भांडण होईलच), पण ते होताना एकदाच दिसतं.

मी एकदा एका चार मजली भिंतीसमोर तीन सकाळी गेले होते. पहिल्या दिवशी त्या चित्रकार मुलीने अख्ख्या भिंतीवर नुसती गिचमिड केली, इकडे फुली, तिकडे गोगलगाय, मध्येच सातचा आकडा, कुठे कुणाचं तरी नाव, काही ताळतंत्र नाही. खाली उभे असलेले आम्ही सगळे मनातल्या मनात म्हणतोय गेली भिंत. नंतर कळलं की ती गिचमिड हीच तिची आखणी. भिंतीचा फोटो काढायचा, मोबाइलमध्ये त्यावर आपलं स्केच चढवायचं, की लगेच दिसतं नाकाचं टोक गोगलगायीच्या शिंगापाशी येतंय आणि डोळ्याचा कोपरा सातच्या पोटात. एवढ्या मोठ्या भिंतीवर सरळ चौकोन आखत बसणं म्हणजे दोन दिवस तिथेच, आणि लिफ्टच्या पिंजऱ्यात उभं राहिलं की भिंत हातभर अंतरावर असते, तिथून समोर नाक आहे की कान तेच कळत नाही, मग आधार कशाचा तर गोगलगायीचा. तिसऱ्या दिवशी चेहरा आला आणि गोगलगाय गालाखाली गेली. मला अजून ती गोगलगायच आठवते.

भाचीला हे दाखवा. प्रश्न बंद होतील किंवा चांगले तरी येतील.

काळीमांजर:
+१ भिंतवेडी. गोगलगाय आवडली.

तिसऱ्याबद्दल सांगते, तिकीट काढायच्या आधी दोन गोष्टी विचारा. मूळ कामं आहेत की छापून आणलेल्या प्रती? आणि कलाकाराला माहीत आहे का? उंदीर-फुगा-माकड म्हणजे बँक्सी, खरी ओळख लपवून भिंतींवर काढणारा ब्रिटिश कलाकार, आणि त्याच्या नावाची कितीतरी प्रदर्शनं जगभर फिरतात ज्यांच्याशी त्याचा काही संबंध नसतो, अशांची यादी त्याने स्वतःच्याच वेबसाइटवर टाकली होती. त्याच्या कामांना अस्सल असल्याचा दाखला देणारी जी त्याची संस्था आहे तिचं नाव पेस्ट कंट्रोल आहे (झुरळंवाली नव्हे), आणि ती भिंतीवरून काढून आणलेल्या कामांना दाखला देत नाही. म्हणजे कुणी भिंतीचा तुकडा काचेत ठेवून दाखवत असेल तर त्याच्या मागे कागद नसणार.

त्याने स्वतः केलेली प्रदर्शनं वेगळी. २००९ साली ब्रिस्टलच्या म्युझियममध्ये केलं तेव्हा तीन लाखांच्या वर लोक आले, रांगा रस्त्याच्या पार पलीकडे. २०२३ मध्ये ग्लासगोला केलं त्यात तर त्याने जपून ठेवलेली स्टेन्सिलंच मांडली होती, म्हणजे आकार कापलेले पुठ्ठे, जे भिंतीला लावून वरून रंग मारतात, रंग लागून कडक झालेले. हे मला बघायला आवडलं असतं, कारण स्टेन्सिल हे काम नाहीये, हत्यार आहे, आणि आपल्याला सहसा फक्त काम दिसतं.

तिरकीरेघ:
मी उलटं मत मांडतो, हलकेच घ्या. भिंतीवरचं आत आणलं तर एवढं काय बिघडलं? बाहेर ठेवलं तर दोन पावसाळ्यांत उडतं, कुणी वरून रंग मारतं, इमारतच पडते. मेलबर्नला २०१० मध्ये पालिकेच्या सफाईवाल्यांनी बँक्सीचा पॅराशूटवाला उंदीर चुकून पुसून टाकला होता, होझिअर लेनमध्ये, म्हणजे जी गल्ली ह्याच चित्रांसाठी प्रसिद्ध आहे तिथे! आत असता तर वाचला असता की नाही? 'रस्त्यावरचं रस्त्यावरच राहू द्या' हे ऐकायला छान आहे, पण ज्यांना उशिरा कळतं त्यांनी काय बघायचं, फोटो?

भिंतवेडी:
म्हटलं होतं ना, भांडण होईल :)

तिरकीरेघ, ब्लू नावाचा इटालियन चित्रकार आहे, त्याने ह्याचं उत्तर ब्रशनेच दिलंय. २०१६ मध्ये बोलोन्यात स्ट्रीट आर्टचं एक मोठं प्रदर्शन ठरलं, त्यात भिंतींवरून सोलून काढलेली चित्रं होती, त्याचीही होती आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. तर ह्या माणसाने प्रदर्शन उघडायच्या आधी लोकांना सोबत घेऊन शहरातली वीस वर्षांतली स्वतःची चित्रं करड्या रंगाने पुसून टाकली. सगळी. लोक शिडीवर चढून खरवडत होते. ज्यांनी ती चित्रं रोज बघितली होती तेच.

तुम्ही म्हणाल वेडेपणा आहे. असेलही. पण भिंत सोलून आत नेली की नेमकं काय येतं बरोबर? समोरचा बसस्टॉप येत नाही, त्या गल्लीत ते चित्र का होतं ते येत नाही. लंडनच्या वुड ग्रीनमध्ये २०१२ मध्ये एका दुकानाच्या भिंतीवर बँक्सीने शिलाई मशीनवर बसून युनियन जॅकच्या पताका शिवणारा मुलगा काढला होता. ते एका स्वस्तातल्या वस्तूंच्या दुकानाच्या भिंतीवर होतं, राणीच्या राज्याच्या साठाव्या वर्षी, सगळीकडे तशाच पताका लागलेल्या असताना. पुढच्या वर्षी ती भिंतच कापून नेली आणि थेट मायामीच्या लिलावात दिसली, त्या भागातल्या लोकांनी इतका आरडाओरडा केला की तो लिलाव ऐन वेळी मागे घ्यावा लागला. पुढे ती विकली गेलीच. मायामीच्या हॉलमध्ये तो मुलगा फक्त गोड दिसतो, दुकानाच्या भिंतीवर तो टोचायचा.

तिरकीरेघ:
बसस्टॉपचा मुद्दा मान्य. वीस वर्षांची चित्रं पुसली त्याचा मात्र नाही, ती तोवर त्याची एकट्याची उरली नव्हती असं माझं म्हणणं. असो.

जुनीखिडकी:
वाचनखूण साठवली. थोडा इतिहास ओतते, कारण 'रस्ता विरुद्ध गॅलरी' हे भांडण वाटतं तेवढं सरळ नाहीये.

न्यूयॉर्कमध्ये भिंतीवरून गॅलरीत जायला दहा वर्षंही लागली नाहीत. १९७१ च्या जुलैत तिथल्या पेपरात 'टाकी १८३' वर बातमी आली, शहरभर स्वतःचं टोपणनाव आणि आपल्या रस्त्याचा नंबर लिहीत फिरणारा पोरगा, बातमीनंतर त्याचं बघून शेकडो पोरं लिहायला लागली. १९८० मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका बंद पडलेल्या मसाज पार्लरमध्ये कलाकारांनी प्रदर्शन भरवलं, त्यात पुढे प्रसिद्ध झालेले दोन चित्रकार होते, कीथ हेरिंग आणि बास्किया. ८१ मध्ये ईस्ट व्हिलेजमध्ये पॅटी अ‍ॅस्टरने फन गॅलरी काढली, ग्राफिटीवाल्या, म्हणजे भिंतींवर नावं-अक्षरं रंगवणाऱ्या मुलांची सोलो प्रदर्शनं तिथे झाली. म्हणजे मुलांना कुणी ओढून आत नेलं नव्हतं, त्यांनाही आत जायचं होतं, विकायचं होतं. बास्किया आधी अल डियाझबरोबर 'सेमो' नावाने भिंतींवर वाक्यं लिहायचा, मग 'सेमो मेला' असं भिंतीवर लिहूनच तो धंदा त्याने बंद केला. २०१७ मध्ये त्याचं १९८२ चं एक चित्र ११ कोटी डॉलरच्या वर गेलं. तेव्हा त्याला जाऊन जवळजवळ तीस वर्षं झाली होती.

पण मला त्यात हेरिंगचं जास्त भावतं. सबवेत, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत, जाहिरातीची मुदत संपली की त्यावर काळा कागद डकवायचे, हा पांढरा खडू घेऊन त्यावर काढायचा, पटापट, लोक मागे उभे. खडू! पुसता येतो म्हणून नव्हे, काळ्या कागदावर तोच चालतो म्हणून. अशी शेकडो काढली. आणि थांबला का, तर तो प्रसिद्ध झाल्यावर लोक ते कागदच काढून नेऊन विकायला लागले. भिंतवेडीचा बसस्टॉप तिथेही गेला म्हणा.

रंगीतडबा:
बापरे. मी शनिवार-रविवारचं विचारलं होतं आणि इथे सबवे आला. पण वाचतेय हो, सगळं वाचतेय. म्हणजे गोदामं नक्की. तिसऱ्याला फोन करून विचारलं, ते म्हणाले 'मॅडम अनुभव आहे अनुभव'. मूळ कामं आहेत का विचारलं तर परत अनुभवच. सोडतेय.

गॅलरीचं कुणीतरी सांगा. तिथे गेल्यावर नक्की करायचं काय?

पाटीवाला:
गॅलरीचं दुसरं कुणी सांगेल, मी भिंतीचं सांगतो. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात तीस वर्षं गेली, आता हात थरथरतो म्हणून बंद. तुम्ही गोदामात जाल तेव्हा चित्राच्या आधी भिंत बघा, खालचे दोन फूट. तिथे पांढरी पूड फुटलेली दिसली, म्हणजे लोणा लागलेला असला, तर ते चित्र खालून जाणार, वरून कितीही भारी असू दे. ओल जमिनीतून वर चढते, बरोबर क्षार आणते, पाणी उडतं आणि क्षार रंगाच्या मागे साठून पोपडा ढकलतो. शहाणा चित्रकार अशा भिंतीवर खाली पाय काढतच नाही, धुकं काढतो नाहीतर गवत, म्हणजे उडालं तरी चालतं. हे मी विनोदाने सांगत नाहीये.

दुसरं, रंग. गेरू, पिवळी माती, ह्या लोखंडाच्या गंजाच्या जातीतल्या मातीच्या रंगांना ऊन काही करत नाही. चकचकीत लाल, गुलाबी, लिंबू पिवळा हे बहुतेक उन्हात पहिले मरतात. म्हणून पाच-सहा वर्षांनी जुनी भिंतचित्रं बघा, सगळी निळसर झालेली असतात, लोकांना वाटतं चित्रकाराचा मूड तसा होता. मूडबीड काही नाही, लाल उडालाय.

स्प्रेच्या डब्याचं म्हणाल तर रंगापेक्षा त्याची टोपी बघा. बारीक रेघेला एक, रुंद पट्ट्याला दुसरी, पोरं खिशात मूठभर टोप्या घेऊन फिरतात. मोठी जागा भरायला आपला नेहमीचा बाहेरच्या भिंतीचा रंग आणि रोलरच, स्प्रे नंतर. परांची असेल तर रेघ तुटते, कारण दर फळीला माणूस वाकतो, लिफ्ट असेल तर रेघ वरून खाली एका दमात येते. चित्रात तुटलेली रेघ दिसली की ओळखा माणूस कुठे उभा होता.

आणि स्टेन्सिल कुणी सोपं समजू नका. ठ कापून बघा घरी, आतला ठिपका खाली पडतो. त्याला धरून ठेवायला बारीक पूल ठेवावे लागतात, तो पूल कुठे ठेवायचा ह्यातच सगळी कारागिरी. पॅरिसमध्ये ब्लेक ल राने १९८१ पासून उंदीर काढले ते स्टेन्सिलने, पोलीस यायच्या आत काम उरकायला. घाई भिंतीवर नसते, घाई घरी पुठ्ठा कापताना आधीच करून ठेवलेली असते.

काळीमांजर:
पाटीवाले काका _/\_ वेगळा धागा काढा तुम्ही. 'लाल उडालाय' हे आता मी प्रत्येक ठिकाणी म्हणणार.

पांढऱ्याभिंती:
गॅलरीचं मी सांगते, मी चित्रं टांगायचं काम केलंय बरीच वर्षं, म्हणजे स्पिरिट लेव्हल आणि ड्रिल. तर ताई:

आत शिरताना कुणी तोंड वर करून बघणार नाही, त्याचा राग मानू नका, टेबलावरची मुलगी खरंच कामात असते. विक्रीच्या गॅलरीला सहसा तिकीट नसतं. टेबलावर एक कागद असतो, यादी, तो हक्काने मागा. किमती त्यावर असतात किंवा विचारल्यावर सांगतात. लेबलशेजारी लाल टिकली म्हणजे विकलं गेलं. साधारण अर्धे पैसे गॅलरीचे, अर्धे कलाकाराचे, हे कळलं की भाचीला किमतींचा राग थोडा वेगळ्या ठिकाणी येईल. छापाच्या कामाखाली ३/२५ असं असेल तर पंचविसातली तिसरी प्रत. लेबलवरची माध्यमाची ओळ मात्र नक्की वाचा, ती सगळ्यात प्रामाणिक असते. भिंतीवरचा मोठा मजकूर आधी वाचू नका. तो लिहिणाऱ्यालाही कधीकधी कळलेला नसतो, मी डेडलाइनच्या रात्री तिथेच होते.

आणि एकच काम निवडा. खरंच एकच. बाकीच्यांवरून चालत जा, एकासमोर दहा मिनिटं. भाचीला सांगा, 'आर्ट का आहे' नंतर, आधी सांग हे कशाचं केलंय, किती जड असेल, आणि हे दारातून आत कसं आणलं असेल. शेवटच्या प्रश्नावर मी पगार घेतलाय.

जाता जाता, वर जे भिंतीचं नि पुसण्याचं चाललंय त्यात एक टाकते. सॉल लेविट नावाचा अमेरिकन कलाकार, त्याने १९६८ पासून गॅलरीच्या भिंतीवर थेट पेन्सिलीने चित्रं केली. म्हणजे तो करायचा ती सूचना, 'अमुक इतक्या रेघा, अशा दिशेने', आणि काढायची दुसऱ्या माणसांनी. प्रदर्शन संपलं की भिंतीवर पांढरा रंग. विकत घेणाऱ्याला काय मिळायचं, तर एक दाखला आणि आकृती, मग तो आपल्या घरच्या भिंतीवर काढून घेणार. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका म्युझियममध्ये त्याची १०५ भिंतचित्रं तीन मजल्यांवर २००८ पासून आहेत, आणि ती काढायला माणसं सहा महिने रेघा मारत होती. तो स्वतः त्याच्या आदल्या वर्षी गेला होता. तर आत नेलं म्हणजे टिकलं असं काही नाही हो तिरकीरेघ. गॅलरीतही पुसतात, दर प्रदर्शनानंतर, तो रंग मीच लावायचे. काही गॅलऱ्यांत भिंत थरांनी बोटभर जाड झालेली असते.

तिरकीरेघ:
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ब्लूने पुसलं की बंड आणि तुम्ही पुसलं की मेंटेनन्स :D

पांढऱ्याभिंती:
बरोब्बर. आणि मला ओव्हरटाइम.

कोपऱ्यातला:
सगळे गोडगोड बोलताय म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो. गोदामांची गल्ली का निवडली असेल बरं? आधी भिंती रंगतात, मग फोटोवाले येतात, मग भाडी वाढतात, मग गोदामवाले जातात. मायामीतलं विनवूड बघा, २००९ मध्ये एका बिल्डरनेच गोदामांच्या भिंती चित्रकारांना दिल्या, आज त्या भिंतींच्या आवारात जायला तिकीट आहे. बर्लिनमध्ये त्याच ब्लूची दोन मोठी चित्रं होती, क्रॉइझबर्गमधल्या रिकाम्या प्लॉटच्या कडेला, शहराच्या पोस्टकार्डावर असायची. त्या प्लॉटवर बांधकाम येणार म्हटल्यावर २०१४ च्या डिसेंबरात त्याच्याच संमतीने एका रात्रीत काळी करून टाकली. 'चित्र दाखवून फ्लॅट विकणार, मग चित्रच नको' असा साधा हिशोब. तेव्हा जाऊन बघा जरूर, पण चित्राच्या कोपऱ्यात रंगाच्या कंपनीचा किंवा बिल्डरचा लोगो आहे का तेही बघा. असला तर ती जाहिरात आहे, मोठी आणि सुंदर जाहिरात.

भिंतवेडी:
लोगो असला तरी पोरांना रंगाचे आणि लिफ्टचे पैसे कुणीतरी दिलेच पाहिजेत ना. लिफ्ट फुकट नाही मिळत.

कोपऱ्यातला:
देऊ दे की. मी बघायला सांगतोय, बघू नका म्हणत नाहीये.

जुनीखिडकी:
ह्यात चित्रकाराच्या बाजूने एक निकाल आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फाइव्ह पॉइंट्झ नावाची जुनी फॅक्टरी होती, मालकाच्याच परवानगीने वर्षानुवर्षं चित्रकार तिथे काढायचे, लोकल ट्रेनमधून दिसायची. मालकाला टॉवर बांधायचे होते. २०१३ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग. चित्रकार कोर्टात गेले, अमेरिकेत १९९० चा एक कायदा आहे, नावाजलेलं काम नष्ट करण्याविरुद्ध. २०१८ मध्ये न्यायाधीशांनी ४५ कामांचे मिळून ६७ लाख ५० हजार डॉलर २१ चित्रकारांना द्यायला लावले, आणि सांगितलं की इमारत पाडता आली असती, पण आधी नोटीस देऊन, कामं काढून न्यायला किंवा नीट फोटो काढायला वेळ देऊन. वरच्या कोर्टातही तेच टिकलं. म्हणजे कोर्टाने 'भिंत अमर आहे' म्हटलं नाही, निरोप घ्यायला वेळ द्या म्हटलं. मला ते फार आवडतं.

काळीमांजर:
अवांतर: बँक्सीने २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ एका म्हाताऱ्या माणसाला स्टॉल लावून बसवलं होतं, साठ डॉलरला एक, स्वतःची अस्सल सही केलेली कॅनव्हासं. कुणाला माहीत नव्हतं. दिवसभराचा गल्ला ४२० डॉलर. एका बाईंनी मुलांसाठी दोन छोटी घेतली, तीही निम्म्या भावाने, घासाघीस करून. ह्या बाई माझ्या आदर्श आहेत.

तिरकीरेघ:
आणि २०१८ मध्ये लिलावात हातोडा पडल्याबरोबर त्याचं फुगेवाल्या मुलीचं चित्र फ्रेममधल्या कटरमध्ये अर्धं फाटलं, दहा लाख पौंडांना गेलेलं, ते अर्धं फाटलेलंच तीन वर्षांनी १ कोटी ८५ लाख पौंडांना गेलं. बाईंची कॅनव्हासं कुठल्या भिंतीवर असतील आता कोण जाणे.

रंगीतडबा:
वृत्तांत देते. शनिवारी सकाळी साडेसातला गोदामांच्या गल्लीत पोचलो, भाची जांभया देत. सहा भिंती चालू होत्या. गोगलगाय नव्हती पण एका भिंतीवर खरंच गिचमिड होती, त्यात चक्क एक टपाल पेटी आणि बदक. मी भाचीला भाव खात सगळं समजावलं, तिने मोबाइल काढून त्या चित्रकार मुलालाच विचारलं तर त्याने तिला स्क्रीनवर स्केच चढवून दाखवलं, बदक बाईच्या कोपरापाशी येत होतं. नंतर पोरीने एक तास 'आर्ट का आहे' विचारलं नाही. फक्त 'बदक गेलं का' विचारत राहिली.

खालचे दोन फूट बघितले काका. तीन भिंतींना लोणा आहे. त्यातल्या एकीवर खाली खरोखर गवत काढलंय, मी एकटीच हसले.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. एका गोदामाच्या दाराशेजारी गाळ्याचा नंबर होता, १८, जुना, कुणीतरी हाताने रंगवलेला. चित्रकार बाई त्यावरून निळा रोलर फिरवणार एवढ्यात तिथला वॉचमन धावत आला, अहो नंबर गेला तर ट्रकवाले मला शोधत बसतील. ती म्हणाली शेवटी परत काढून देते. हा म्हणे आत्ता. दोघं बराच वेळ तिथेच. शेवटी तिने रोलर ठेवला, त्या नंबरभोवती टेप लावली आणि तेवढा चौकोन सोडून निळा मारायला लागली, आणि तो आहे तिथे स्टूल टाकून बसला, विश्वास नाही म्हणून. दुपारी आम्ही निघताना टेप काढली होती. आठचं वरचं टोक पुसट झालं होतं ते तिने बारीक ब्रशने भरून दिलं, जुन्या माणसाचं वळण धरून, आणि वॉचमन मागून सांगत होता थोडा आत घ्या, थोडा आत.

रविवारी गॅलरी. एकच काम निवडलं, जुन्या दरवाजांच्या बिजागऱ्यांचा ढीग, दोऱ्यांनी टांगलेला. पहिली तीन मिनिटं काही नाही. मग पंखा लागला असेल किंवा काय, एक बिजागरी हलली आणि ती नक्की कुठल्या बाजूला उघडायची हे आम्ही दोघी बराच वेळ ठरवत बसलो. दारातून आत कसं आणलं हे भाचीने टेबलावरच्या मुलीला विचारलं. ती एकदम खूश झाली, म्हणाली एक-एक करून, अकरा खोक्यांत. मग यादी पण दिली, न मागता.

तिथून परत गोदामांकडेच गेलो, बदक गेलं का बघायला. गेलं.

पाटीवाला:
बाकी सगळं राहू द्या. तो १८ कुठल्या रंगात होता?

रंगीतडबा:
गेरू. मुद्दाम बघून आले काका.

पाटीवाला:
मग निळा जाईल, तो राहील.